डीपीची बारीक तार

८ जानेवारी १९८८
त्या सकाळी मी गोठा झाडला होता, म्हशीची धार काढून दूध डेअरीत घातलं होतं. तव्यावर भाकरी होती. हे म्हणाले, "पाणी लावून येतो." लाइनची तार तुटून ओल्या बांधावर पडलेली. डीपीचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज जळला असता तर वीज तुटली असती. पण फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी जाड तार घातलेली. जळलीच नाही. हे...
आज डीपीजवळून आले. फ्यूजमध्ये तशीच जाड तार.

९ जाने.
डीपी सुलेमानभाई सांभाळतात. त्यांना विचारलं. "भाबी, बारीक तार टिकतच न्हाय. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम उठत्यात. हरभरा वाळायलाय, लोक मला खातील."
खरं आहे. जो तो स्टार्टरच्या बटणात काडी खोचून घरी जातो. वीज येताच मोटार आपोआप सुरू. सगळ्यांचा ओढा एकदम.

१४ जाने.
संक्रांत. मला हळदीकुंकवाला कोण बोलावणार? जवळच्या वाशी गावच्या वाचनालयातून आणलेलं विज्ञानाचं मासिक वाचत बसले. अतिसंवाहक म्हणून एक पदार्थ असतो. खूप गार केला की वीज त्यातून बिनअडथळा जाते. पण बिघाड होऊन विजेचा लोंढा आला की तोच पदार्थ आपणहून अडवू लागतो. जळत नाही. लोंढा ओसरून पुन्हा गार झाला की वाट मोकळी. मोठ्या लाइनींवर बसवायचं म्हणतात, सध्या प्रयोगशाळेतच आहे. गार करायला द्रव नायट्रोजन.
दोनदा वाचलं. त्या दिवशी असं काही असतं तर

१६ जाने.
गाय भरवायला जनावरांचे डॉक्टर आले. वळूचं बीज गार ठेवायच्या त्यांच्या कॅनमधून पांढरी वाफ निघत होती. विचारलं, तर तेच, द्रव नायट्रोजन! फटफटीवरून आमच्या गोठ्यापर्यंत येतं की. मासिकातलं सांगितलं. म्हणाले, "मावशी, डीपी भरवायची म्हणता? वासरू कुठं बांधणार?"
मीही हसले. लई दिवसांनी.

१८ जाने.
सुलेमानभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आपल्याकडं कधी यायचं हे?"
"नातवंडांच्या वेळेला येईल."
"तवर?"
"तवर बारीक तार. बटणातल्या काड्या काढायच्या, मोटारी एकामागून एक लावायच्या."
त्यांनी मान हलवली. "लोकांला तुमी सांगा. म्या संगं हाय."

२० जाने.
दूध घालून झाल्यावर डेअरीच्या ओट्यावर सगळे थांबले. मासिकातलं आणि काड्यांचं, दोन्ही सांगितलं. चुलतदीर भागवत म्हणाला, "वहिनी, मासिकं वाचून रान भिजतंय व्हय?" हशा झाला. तरी काड्या काढायला बहुतेक तयार. यांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलेलं आहे. अडलं एकाच गोष्टीवर, शेवटी कोण? वीज मधेच गेली तर शेवटच्याचं रान कोरडं राहणार.
मी म्हटलं, शेवटची मोटार माझी.
भागवतचा आवाज उतरला. "अन् तुमचा हरभरा?"
"बघू."
घाटे भरायला लागलेत. हे एक पाणी चुकलं तर हाती काही नाही. पण बारीक तार टिकली तर
सुलेमानभाईंनी तिथूनच जाऊन जाड तार काढली, बारीक घातली.

२१ जाने.
सकाळी वीज आली. मी विहिरीवर बसून राहिले. माझ्या आधीची, भागवतची मोटार सुरू झाल्याचं ऐकलं; बारीक तार टिकली होती. सगळ्यांच्या मागून माझं बटण दाबलं.