फलटणच्या भाचीचा फ्लेक्स

हॅमिल्टन, कॅनडा,
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

तीर्थरूप बापूस,

उल्काचा नमस्कार. ताट इथे, निरांजन इथे आणि भाऊ फलटणला, तेव्हा कुंकू तुझं तूच लावून घे आणि ओवाळलं असं समज. लतावहिनींना नमस्कार. आज सकाळी इथली घड्याळं तासभर मागे गेली. हिवाळ्यात जातात तशी. तो फुकटचा तास तुझ्यासाठी राखून ठेवला आहे.

तुझे फोन येऊन गेले ते मी पाहिले. मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तू नुसतं "काय? काय?" करतोस, मग मला ओरडावं लागतं, आणि ही ओरडून सांगायची गोष्ट नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे. पानांचे फोटो काढून वहिनींच्या व्हॉट्सॲपवर टाकीन, त्या अक्षर मोठं करून दाखवतील. एकच अट आहे. पत्र वाचून संपेपर्यंत तो फ्लेक्स बांधायचा नाही. छापून आला असेल तर गुंडाळी सोडायची नाही.

फ्लेक्सचा नमुना वहिनींनी पाठवला होता. "आफ्रिकेत फलटणच्या भाचीचा डंका!" हे वाचून तुझे दाजी, दिलीप, इतके हसले की चहा टेबलक्लॉथवर गेला. आणि आमच्या गौरांगीचा फोटो कुठला शोधलास रे? लग्नातला आहे तो. मुंडावळ्या कापल्यात, पण एक मोती कानापाशी राहिलाय. खाली "बोट्सवाना देशात नगरसेविकापदी प्रचंड मतांनी विजयी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून तुझं एकट्याचं नाव, भाचीच्या नावापेक्षा मोठं. मतदान बुधवारी आणि तू सोमवारीच छापायला टाकून मोकळा!

पण वहिनींनी पुढे लिहिलं होतं की हा फ्लेक्स तू अरविंदच्या दारासमोरच्या खांबावर बांधणार आहेस. तिथे माझं हसू थांबलं. शाळेपासून ज्याच्याबरोबर एका डब्यात जेवलास, तो नगरपालिकेच्या निवडणुकीत तुझ्याविरुद्ध उभा राहिला आणि निवडून आला. तेव्हापासून तू त्याच्याशी बोलत नाहीस. पुढच्या दाराने बाजारात जातसुद्धा नाहीस, मागच्या बोळातून जातोस. आता भाचीच्या नावाने त्याच्या डोळ्यांत बोट घालायचं ठरवलं आहेस. त्याबद्दल मला बोलायचं आहे, पण सावकाश.

इकडे सगळं ठीक आहे. बर्फ अजून पडलेला नाही. दिलीपनी विंटर टायर्स मात्र घालून घेतले, नंतर गॅरेजमध्ये नंबर लागत नाही म्हणून. त्यांचा गुडघा कुरकुरतो, पण त्यांच्यापेक्षा कमी. माझे अनारसे यंदा तुपात विरघळले, तेव्हा ते चमच्याने खाल्ले. चकली उत्तम झाली. शनिवारी आमच्या मंडळाची दिवाळी झाली. त्यात आमचा सत्कार होता. तेही सांगते.

आम्ही मास्तरकीसाठी बोट्सवानाला निघालो तेव्हा तू एस. टी. स्टँडवर दिलीपना काय म्हणाला होतास, आठवतंय? "तिकडं रोज उठून सरकार पाडतात, बंदुका घेऊन. पोरीला नीट परत आणा." पोरगी म्हणजे मी. गौरांगी तर तिकडेच जन्मली. बापू, त्या देशात आम्ही सोळा वर्षं राहिलो, पण सरकार पाडणारी बंदूक काही पाहिली नाही. पाहिल्या त्या मतदानाच्या रांगा. बाभळीसारख्या काटेरी झाडांच्या सावलीत बायका घरून घडीची खुर्ची, छत्री आणि थर्मास घेऊन यायच्या. रांग पुढे सरकली की खुर्चीही सरकायची. भांडण झालंच तर माझ्या खुर्चीची जागा कोणी घेतली यावरून. एकोणीसशे सहासष्टला स्वातंत्र्य मिळालं तेव्हापासून दर पाच वर्षांनी मतदान, न चुकता. दर वेळी जिंकायचा मात्र एकच पक्ष. म्हणून कोणी म्हणे, ही कसली लोकशाही? एकदा तो हरू दे, मग बघू. मीही मनातल्या मनात म्हणायचे.

आपली गौरांगी त्याच पक्षाची. आमच्याबरोबर इथे कॅनडात आली, पण शिकून ती परत तिकडे गेली, लग्न केलं, गावाला पाण्याची पाइपलाइन आणायला खपली. तिथलं नागरिकत्व घेतलं. तो देश दोन पासपोर्ट चालवून घेत नाही, म्हणून इथला परत केला. त्या दिवसापासून दिलीप तिच्याशी फोनवर फक्त हवामानाचं बोलायचे. "तिकडे ऊन आहे का? इकडे उणे बारा." झालं, की फोन माझ्या हातात. एवढे कष्ट करून आणलेला पासपोर्ट पोरीने पोस्टाने परत पाठवला, हे त्यांना गिळता आलं नाही. ती काम काय करते, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

या वेळी तिकडे लोक चिडलेले होते. त्या देशाची मुख्य कमाई हिऱ्यांची, ते विकले जात नव्हते, दवाखान्यात औषधं नव्हती, शिकलेली मुलं घरी बसून होती. बुधवारी रांगा लागल्या. गुरुवारी निकाल यायला लागले. शुक्रवारी आम्ही लक्ष्मीपूजनाची तयारी करत होतो तेव्हा बातमी आली की अठ्ठावन्न वर्षं सत्तेत असलेला पक्ष गेला. पूर्ण मोजणी व्हायच्या आधीच राष्ट्राध्यक्षांनी पराभव मान्य केला, आणि त्याच दिवशी नव्यांचा शपथविधी झाला. आपल्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरीकडून कपाटाची किल्ली मिळायला याहून वेळ लागतो.

तू नेहमी माझ्यापुढे दोन पावलं असतोस, तेव्हा तुला कळलं असेल. गौरांगी हरली, बापू. थोड्याथोडक्या मतांनी नाही, चांगली हरली. आणि खरं सांगते, ती जिंकली असती तर मला आनंद झाला असता, पण हरल्यावर तिने जे केलं त्याने माझा ऊर भरून आला आहे. दोन दिवस झाले, अजून ओसरत नाही.

तिचा फोन आला तेव्हा मी रांगोळी काढत होते. म्हणाली, "आई, आय लॉस्ट. पण रडू नकोस हं, आधी मी काय केलं ते ऐक ना."

ते कळायला तुला मोडिसे माहीत हवा. आमच्या शाळेत तो सुतारकाम शिकवायचा. दिलीपचा दोस्त. विरोधी पक्षाचा. दर निवडणुकीला उभा राहायचा आणि दर निवडणुकीला पडायचा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस कोट घालायचा, बूट पुसायचा आणि भर बाजारातून चालत जिंकलेल्याच्या घरी जाऊन हात मिळवून यायचा. मग शाळेत येऊन पोरांना रंधा धरायला शिकवायचा. गौरांगी तेव्हा लहान होती. मोडिसे कोट घालून निघाला की ती फाटकावर चढून बघायची. दिलीपनी एकदा त्याला विचारलं, "अरे, बाजारातून कशाला? मागून जा. लोक हसतात." तो म्हणाला, "हरलेला घरात बसला तर त्याची माणसंही घरात बसतात. आणि घरात बसून माणसं भलतेसलते विचार करतात. त्यांनी मला जाताना बघायला हवं."

तर गौरांगीला हरवलं ते या मोडिसेने. आता म्हातारा झालाय, काठी घेऊन चालतो. आयुष्यात पहिल्यांदा जिंकला.

मोजणी संपली तेव्हा तिचे कार्यकर्ते तिच्याभोवती गोळा झाले. फेरमोजणी मागा, सही करू नका, दाल में कुछ काला है, जे जगात सगळीकडे म्हणतात ते सगळं. एकाने तर तिचा दंड धरला. तिने तो सोडवला. स्वतःच्या डोळ्यांसमोर मोजलेलं होतं, तिला खोट दिसली नव्हती. ती सगळा हॉल ओलांडून मोडिसेपाशी गेली. वडीलधाऱ्या माणसाशी हात मिळवताना तिकडे उजवा हात पुढे करतात आणि डाव्या हाताने उजव्या हाताला कोपराजवळ आधार देतात. तसा तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "सर, अभिनंदन. आज तुम्हाला माझ्या घरी यायचं नाहीये. आज मी आलेय."

म्हाताऱ्याने तिचा हात धरला आणि सोडेचना. मग म्हणाला, "मला फक्त हरल्यावर काय करतात ते येतं, पोरी. जिंकल्यावर काय करतात ते तू सांग."

सगळा हॉल हसला. तिचे कार्यकर्तेसुद्धा. दंड धरणारा जो होता तो गर्दीतून पुढे आला आणि त्यानेही हात मिळवला. मग एकेक जण येत गेला. दुसऱ्या दिवशी गावातली दुकानं नेहमीच्या वेळेला उघडली, आणि गौरांगी मोडिसेला घेऊन अर्धवट पाइपलाइन दाखवायला गेली.

आता सत्काराचं ऐक. तू एकटाच उतावीळ नाहीस, आपली सगळी जातकुळीच तशी आहे. आमच्या मंडळानेही तो पक्ष कधी हरतच नाही हे गृहीत धरून शनिवारच्या कार्यक्रमात आमचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, आणि पडद्यावर गौरांगीचा फोटो. नगरसेविकेची त्यांनी परस्पर खासदार करून टाकली होती. हॉलच्या दारातच मंडळाची अध्यक्ष सुरुची रडवेली होऊन आली. "काकू, आय ॲम सो सॉरी. आपण तो आयटम ड्रॉप करू या. स्लाइड काढून टाकते, कोणाला कळणारही नाही."

मी हो म्हणणार होते. दिलीप म्हणाले, "ड्रॉप कशाला? शाल आणलीय ना?"

बापू, गुडघा धरत ते स्टेजवर गेले. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही, माइक हातात घेऊन म्हणाले, "माझी मुलगी हरली. खासदारकी नव्हती, नगरसेवकपद होतं, तेही गेलं. निकाल लागल्यावर ती स्वतः चालत गेली आणि जिंकलेल्याचा हात हातात घेतला. त्या देशातल्या सरकारनेही हेच केलं. मी शाळेत शिकवत होतो तेव्हा मला वाटायचं, मी त्यांना शिकवतोय. तिने पासपोर्ट परत केला तेव्हा मी म्हणालो, केवढासा देश, त्यासाठी काय सोडलंस. आज मला कळलं की ती कुठली नागरिक आहे. आता घाला शाल." आणि मान खाली केली. सुरुचीने शाल घातली. पहिल्या रांगेतली सगळी मंडळी उभी राहिली, मागे मुलं "ग्रँडपा इज क्रायिंग" म्हणत होती. ते रडत नव्हते. मी रडत होते.

आज सकाळी त्यांनी स्वतः गौरांगीला फोन लावला. हवामान विचारलं नाही. पाइपलाइन कुठपर्यंत आली ते विचारलं. मग तासभर पंप, उतार, व्हॉल्व्ह असलं काहीतरी चाललं होतं. चहा दोनदा गार झाला, मी दोनदा गरम करून आणला.

आता तुझं. तू चिडशील, तर चिड, मी लांब आहे. तू निवडणूक हरलास म्हणून मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट आपल्या आळीतून उभं राहायला एक तरी निघाला, म्हणून इथे सगळ्यांना सांगत सुटले होते. नंतर तू दार लावून घेतलंस त्याचं मात्र फार वाईट वाटलं. तुझ्या मागोमाग तुझी माणसंही घरात बसली. वहिनी अरविंदच्या बायकोला दिवाळीचा डबा मागच्या बोळात गाठून देतात, हे तुला माहीत नाही असं त्यांना वाटतं. तुला माहीत आहे, असं मला वाटतं.

तर फ्लेक्स बांध. माझी हरकत नाही. त्याच खांबावर, अरविंदच्या दारासमोरच बांध. फक्त नवा छापून घे. डंका काढून टाक. कानापाशी राहिलेला तो मोतीही काढ. मजकूर असा घाल: "आमची भाची चि. सौ. गौरांगी हिचा बोट्सवाना येथील निवडणुकीत पराभव झाला व तिने तो सर्वांदेखत स्वीकारला, याबद्दल हार्दिक अभिनंदन." लोक थांबून वाचतील. हसले तर हसू देत.

आणि खाली शुभेच्छुक म्हणून दोन नावं हवीत, सारख्या अक्षरात. एक तुझं, एक अरविंदचं. गौरांगीच्या बारशाची झबली त्यानेच शिवून पाठवली होती, त्याचा हक्क आहे. पण न विचारता कोणाचं नाव छापायचं नसतं, म्हणजे तुला विचारायला जावं लागेल. वहिनींना पाठवायचं नाही. बोळातून जायचं नाही. पुढचं दार उघड आणि दिवसाउजेडी रस्ता ओलांडून जा, सगळी आळी बघत असताना. हात कसा पुढे करायचा ते वर लिहिलंच आहे.

हीच माझी ओवाळणी. दुसरं काही नको.

एका हरलेल्या मुलीची आई आणि एका हरलेल्या भावाची बहीण, दोघांचं नाव ताठ मानेने सांगणारी,

तुझी
उल्का