धन्यवाद येईपर्यंत

४ एप्रिल २०१६, लातूर

आज रुजू झाले. पहाटेच्या गाडीनं देगलूर सोडलं, उदगीरला 'नवा जिल्हा झालाच पाहिजे'चे फलक वाचले आणि साडेदहाला लातुरात उतरले. आई स्टँडवर पोचवायला आली होती. तिला पाट्या वाचता येत नाहीत. मी शेजारी उभी असूनही तिनं तिघांना विचारलं, लातूरची गाडी हीच ना म्हणून. एकदा ती नांदेडला चुकीच्या गाडीत बसली आणि मुदखेडला पोचली. सगळी गाडी रिकामी झाली तरी कंडक्टर 'उठा' म्हणेपर्यंत ही आपली बसूनच. घरी अजून त्यावर हसतो आम्ही. रोज सकाळी ती मला कानडीत हाक मारते, 'एळव्वा', म्हणजे ऊठ गं बाई. आता साडेसहाला फोन करून तेच म्हणणार आहे.

काम कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात, प्रकल्प सहायक म्हणून. घरातली मी पहिली पदवीधर. अप्पा धान्याच्या मोंढ्यात हमाली करतात, त्यांनी तिथं सगळ्यांना सांगून टाकलंय की शिवकन्या शास्त्रज्ञ झाली. प्रकल्प सिंधु मॅडमचा. त्यांना दुष्काळात माणसाचं लक्ष कसं टिकतं, किती ढळतं, हे मोजायचं आहे. पडद्यावर लाल गोल आला की डाव्या हाताची कळ दाबायची, हिरवा आला की उजव्या. किती मिलीसेकंद लागले ते संगणक लिहून घेतो. हे करणारी संगणकाची स्क्रिप्ट आधीचा सहायक अर्धवट टाकून पुण्याला गेला. ती नीट करणं माझं काम.

प्रयोगाची खोली म्हणजे जुनं स्टोअर. खिडकीला काळं कापड, एक खुर्ची, एक संगणक. पंखा लावला की पडदा लुकलुकतो, म्हणून प्रयोग चालू असताना पंखा बंद. फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायचा.

मला आवडली खोली. इथून कुणाच्या तरी उपयोगाचं काहीतरी निघेल.

१२ एप्रिल

रेल्वेनं पाणी आलं आज. सगळं गाव तेच बोलतंय.

माझंही एक काम झालं. काही लोकांची नोंद तीन मिलीसेकंद येत होती. तेवढ्यात डोळ्याची पापणीसुद्धा हलत नाही. आठ दिवस डोकं धरून बसले होते. मग कळलं, माणूस कळ दाबून धरतो, तो दाब आत साठून राहतो आणि पुढच्या गोलाचं उत्तर म्हणून नोंदला जातो. प्रत्येक गोलाआधी साठलेलं पुसून टाकायची एक ओळ घातली. सुटलं. मॅडमनी वहीत एक नियम लिहून दिला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की स्वतः खुर्चीत बसून शेवटपर्यंत चालवून बघायची.

सूचनांचा कागद मी साध्या मराठीत लिहिला. शेवटची ओळ : 'पडद्यावर धन्यवाद येईपर्यंत जागेवरून उठू नये.' ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवते. येणाऱ्या प्रत्येकाला जाताना वीस लिटरचा पाण्याचा जार मिळतो. त्यासाठीच येतात बहुतेक, आणि त्यात वावगं काय?

१९ एप्रिल

औशाकडच्या केवळाबाई आल्या होत्या सरावाला. साठीच्या असतील. मला बाई म्हणतात, मी त्यांच्या नातीच्या वयाची. सराव पाचच मिनिटांचा, तेवढ्यात चारदा विचारलं, आता उठू का. मी कागद परत वाचून दाखवला. तेव्हा म्हणाल्या, "बरं. तुमी सांगस्तोर उठत न्हाई बाई."

श्रीमंतमामा, आमचे शिपाई, दारातून म्हणाले की मावशी, परीक्षेला बसून राहिलीस, आता मास्तरीणच होऊन जा. त्यावर केवळाबाईंनी त्यांना सांगितलं, तू आधी चौथी पास हो.

सराव संपल्यावर मी उठा म्हणाले. त्यांनी खुर्ची पदरानं पुसली, माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "आता तुमी बसा बाई. सकाळधरनं उभ्याच हाव." आईसुद्धा अशीच पुसते, पाटसुद्धा.

उद्या अकराला त्यांचा खरा प्रयोग.

२१ एप्रिल

लिहायलाच हवं. काल हात चालला नाही.

काल सकाळी स्क्रिप्टमध्ये एक बदल केला. उत्तर चुकलं तर तो गोल पुन्हा यावा, बरोबर येईपर्यंत. घाई होती. स्वतः बसून चालवून बघितलं नाही.

केवळाबाई अकराला बसल्या. प्रयोग बारा मिनिटांचा. तेवढ्यात फाटकाशी टँकर आला, आणि विभागात एकही जार भरलेला नव्हता. मी श्रीमंतमामांबरोबर रांगेत उभी राहिले, केवळाबाईंना द्यायचाच जार घेऊन. भांडणं झाली, रांग मोडली, परत लागली. सव्वा तास. मनात एवढंच की त्या बाहेर येऊन सावलीत बसल्या असतील.

त्या खुर्चीतच होत्या. ताठ. दोन्ही हातांची बोटं कळांवर. पडद्यावर लाल गोल होता.

डॉक्टर म्हणाले, गेल्या. ऊन, बंद खोली आणि सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. त्यांच्या सुनेनं, रत्नम्मानं, सांगितलं की जार मिळणार म्हणून घरातलं पाणी त्या लेकरांना ठेवून आल्या होत्या. जाताना रत्नम्मानं जार नेला. तिनं विचारलं, नेऊ का? मीच रिक्षात ठेवून दिला.

मॅडमनी विचारलं, स्क्रिप्ट ठीक होती ना. मी हो म्हणाले.

२६ एप्रिल

खोली उघडली आज. मॅडम म्हणाल्या, काम सुरू करू, नाहीतर मन त्यातच राहील.

आधी स्क्रिप्ट पाहिली. माझ्या ओळीत चूक आहे. बरोबर आलेले गोलही परत यादीत जात होते. यादी कधी संपलीच नसती. धन्यवाद कधी आलंच नसतं.

मग डेटा फाईल उघडली. सतराशे साठ उत्तरं. सुरुवातीला सहाशे मिलीसेकंद, मग नऊशे, मग दोन सेकंद, पाच सेकंद, अकरा. एकही चूक नाही.

मी सांगितलं होतं ना, उठू नये.

आणखी एक. स्क्रिप्ट मी स्वतः बंद केली होती, साडेबाराला. त्याच दिवशी एक वाजता नवी फाईल तयार झालेली आहे. तीत उत्तरं आहेत. आजच्या सकाळचीही आहेत. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडे.

२८ एप्रिल

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कीबोर्ड बदलला. उत्तरं येतात. संगणक बदलला. येतात. कीबोर्डची वायर काढून हातात धरून उभी राहिले, दुपारी बाराला, दार उघडं ठेवून. लाल. हिरवा. लाल. फाईल वाढत होती. सगळी बरोबर.

दमलेली उत्तरं आहेत. अकरा सेकंद. चौदा सेकंद.

३० एप्रिल

काल चुकीची ओळ दुरुस्त केली. स्वतः बसून शेवटपर्यंत चालवली. एकशेवीस गोल आणि मग पांढऱ्या पडद्यावर मोठ्या अक्षरात धन्यवाद. रडायलाच आलं. वाटलं, आता जातील त्या.

आज फाईल पाहिली. धन्यवाद आल्यानंतरही कळा दाबलेल्या आहेत. समोर गोलच नाही तरी डावी, उजवी, डावी. जणू न दिसणारे गोल मोजत —

मॅडमना सांगितलं नाही. सांगायचं तर ती ओळही सांगावी लागेल. अप्पा मोंढ्यात अजून सगळ्यांना —

३ मे

श्रीमंतमामांनी ती खोली झाडायची सोडली. कुलूपबंद दाराआड टकटक ऐकू येते म्हणतात. मला वाटलं घाबरले. घाबरलेले नव्हते, डोळे भरून आले होते. मी विचारलं, मामा, आता तर धन्यवाद येतं पडद्यावर, मग का जात नाहीत त्या?

म्हणाले, "तिला कुठं वाचाया येत होतं बाई? तिला कुनी ऊठ म्हनलंच न्हाई की."

मुदखेडची गाडी. रिकामी गाडी, आणि आई.

मला माहीत होतं. जगात दुसऱ्या कुणाला नसेल, मला माहीत होतं. अशाच बाईच्या पोटी जन्मले आणि शेवटी लिहून ठेवलं काय, तर एक शब्द. वाचायचा.

५ मे

दोनदा दारापर्यंत गेले, किल्ली न लावताच परतले. उठा म्हणायचं तर मी बसवलं होतं हेही म्हणावं लागेल.

उद्या. सहाला, कुणी यायच्या आत. मग मॅडमना सगळं सांगेन. औशाकडे जाऊन रत्नम्मालाही.

६ मे, सकाळी सहा

वही घेऊन आत आले. फोन बाहेर ठेवला. नियम आहे.

टकटक चालू होती. फार हळू. मी खुर्चीजवळ गेले आणि म्हणाले, "मावशी, झालं. चूक माझी होती. उठा आता."

थांबली.

मग बांगड्या वाजल्या. पदर झटकल्यासारखा आवाज. खुर्ची आपली आपण माझ्याकडे वळली. बैठक पुसलेली होती, धुळीत पदराचा पट्टा उमटलेला. दाराशी कुणीतरी क्षणभर थांबलं, मागे वळून बघावं तसं. मग गेलं. उजेड जरा वाढला खोलीत.

गेल्या त्या.

खुर्ची माझ्यासाठी पुसून गेल्या. नाही कसं म्हणायचं? बसले.

सव्वासहा

पडद्यावर गोल येतायत. स्क्रिप्ट मी सुरू केलेली नाही. डावं बोट लालच्या कळेवर आहे, मी ठेवलं नाही. उजव्या हातानं लिहिते आहे, हिरवा आला की पेन खाली —

उठायचं म्हणते आहे. पाय ऐकत नाहीत. भीती नाही, नुसतं — कुणी सांगितलेलं नाही ना, म्हणून.

एकशेवीस झाले. धन्यवाद आलं. वाचलं मी. मला वाचता येतं.

तरी.

पडद्याच्या पांढऱ्यातून परत लाल —

साडेसहा

फोन वाजतोय बाहेर. आईच. इथं कुणाला माहीत नाही मी बसलेय ते. मी कुणाला काही सांगितलंच —

नुसतं एळव्वा म्हणाली तरी. एवढंच. दारातून ऐकू आलं तरी उठेन मी आई —

वाजायचा थांबला.

परत वाजतोय. सोडू नकोस, आई, बसून राहा तशीच धरून, मी

हिरवा