हातात दोन विमानं

२ मार्च

आज मी नऊ घोडे उडवले!

खरेखुरे घोडे. लाकडी कप्प्यांत तीन-तीन उभे, समोर गवताची जाळी. मालवाहू विमानात पाच महिने झाले, पण आजवर सगळा माल मुका होता — टायर, औषधं, यंत्रांचे सुटे भाग. आज माल फुरफुरत होता! घोडे असले की सगळं हळू करायचं. चढण हळू, वळण हळू, ब्रेक तर अगदी अलगद. कॅप्टन म्हणजे आपले शिट्टीवाले (उड्डाणाच्या आधी दर वेळी एकच धून वाजवतात, तीही बेसूर). म्हणाले, "उतरव तू. घोडे कसे राहतात बघू." उतरवलं. घोड्यांबरोबर आलेला मोतद्दार मागून येऊन म्हणाला, "बाई, एकानेही मान वर केली नाही."

पदवीच्या दिवशीसुद्धा एवढी हरखले नव्हते.

३ मार्च

बेसवरची, म्हणजे नोकरीच्या गावातली खोली. पलंग सहा, माणसं आठ. सगळे माझ्यासारखेच, घर एका देशात आणि नोकरी दुसऱ्यात. कोणी उडत असतं म्हणून भागतं. पलंगाला पडदा. पडदा ओढला की तू घरी नाहीस, असा नियम. वरच्या पलंगावरचा दाढीवाला पडद्याआडूनच ओरडतो, "कुणी माझी साबणाची वडी वापरली?"

माझं घर समुद्रापलीकडे, सात तासांवर. कंपनीचं म्हणणं सरळ आहे — कुठे राहायचं ते तुमचं तुम्ही बघा, ड्युटीला वेळेवर उभे राहा. येणं-जाणं प्रवासी विमानातून, तेही खुर्ची रिकामी राहिली तर. म्हणून आमच्यात एक रिवाज आहे : हातात कायम दोन विमानं ठेवायची. पहिलं भरलं तरी दुसरं वेळेत पोचवेल अशा बेताने निघायचं.

सगळे म्हणतात, इथेच खोली घे. नाही! आईला शब्द दिलाय — महिन्यातले बारा दिवस घरी. आमच्या घरात शिकलेली मी पहिली. शिकली आणि गेली, असं कुणी म्हणायला नको.

१९ तारखेला लाइन चेक. परीक्षक शेजारी बसून नेहमीची फेरी उडवायला लावणार. पास झाले तर कायम. नापास झाले, किंवा सहा महिन्यांत एकदाही ड्युटी चुकवली, तर घरी बसायचं. परीक्षकाला इथे सगळे बर्फाची लादी म्हणतात. छान!

५ मार्च

खुर्ची मिळाली! शेवटची, मधली, दोन्हीकडे घोरणारे. स्वर्ग.

६ मार्च

घर!! आईने दारातच म्हटलं, "किती वाळलीस!" खरं तर मी दोन किलो वाढलेय.

भिंतीवर नवं घड्याळ. बाबांनी आणलंय. माझ्या बेसची वेळ दाखवायला. आकडे केवढे मोठे — गल्लीतून दिसतील. धाकटी म्हणाली, "ताई, हे स्टेशनातून उचलून आणलंय." बाबा म्हणाले, "पोरगी कुठल्या वेळेत आहे ते घरातून कुठूनही दिसलं पाहिजे."

शेजारच्या काकू आल्या होत्या. "म्हणजे हवाईसुंदरी ना?" आई ताठ बसून म्हणाली, "नाही हो. सुंदर नाही, पायलट आहे!" धाकटी हसून हसून जमिनीवर. मी अजून ठरवतेय, रागवायचं की नाही.

९ मार्च

बाबांबरोबर ट्रकमधून गेले. लहानपणी बसायचे तशी, डाव्या खिडकीशी. बाबा हल्ली दिवसाच्याच खेपा घेतात. म्हणाले, "रात्रीच्या नव्यांनी कराव्यात. आम्ही काय जन्मभर जागायचं?"

निघताना फाटकाचा खांब खरवडला. आई धावत बाहेर. "बावीस वर्षं याच फाटकातून गाडी काढताय!"

"खांब पुढे सरकलाय," बाबा म्हणाले.

गोदामाचा कागद माझ्या हातात दिला. "पत्ता तू वाच. पदवीधर आहेस ना?" मी मोठ्याने वाचला, ते मान डोलवत राहिले.

वाटेत चेकचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं — "झोपून जातेस ना कामावर?" मग त्यांचं नेहमीचं : "झापड आली की गाडी बाजूला. मालक बोंबलेल, बोंबलू दे. माल काय, थांबतो." किती वेळा ऐकलंय. पण आज ऐकताना वाटलं, आमचं दोघांचं काम एकच आहे. ते जमिनीवरून, मी वरून.

१६ मार्च

आज निघायचं होतं. सकाळी बाबा म्हणाले, "एक दिवस राहशील?"

ते असं कधीच म्हणत नाहीत! उलट दोन तास आधी बॅग उचलून दारात उभे असतात. राहिले. उद्याचीही दोन विमानं आहेत, रिवाज मोडत नाही. वाटलं, काहीतरी बोलायचंय. पण दिवसभर ट्रक धूत बसले. मी विचारलं, "बाबा, काही सांगायचंय का?" तर म्हणाले, "चेक नीट दे."

१७ मार्च

पहिलं भरलं. कसलासा खेळाडूंचा संघ, बावीस जण, सगळे सहा फुटी.

दुसरंही भरलं. कुणाची तरी परिषद. एक दिवस आधी निघायला हवं होतं मी! विमानतळावरच थांबले.

१८ मार्च

सकाळचंही भरलं. आता तिसऱ्याच शहरातून वळसा. तिथे पाच तास थांबून पुढचं. पहाटे तीनला बेसवर पोचेन, सहाला हजर व्हायचंय. ड्युटी लावणाऱ्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, "वेळेत पोचताय ना? मग झालं."

झालं!! पोचणार!

१९ मार्च

लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते.

सहाला पाच मिनिटं कमी असताना हजर. गणवेश कडक इस्त्रीचा. डोळ्यांत जणू वाळू. दोन दिवसांत मिळून तीनेक तास झोप, तीही बसून.

प्रत्येक उड्डाणाच्या आधी एक कागद असतो. 'मी पुरेशी विश्रांती घेतली असून उड्डाणास योग्य आहे.' खाली सही. कोणी वाचत नाही. मीही पाच महिने न वाचताच केली असणार. आज वाचला. एकदा वाचून कळला नाही. दुसऱ्यांदा वाचावा लागला. एक ओळ दोनदा वाचावी लागणारी मी विमान काय उतरवणार?

बर्फाची लादी समोर. पेन माझ्या हातात.

म्हणाले, "काय झालं?"

"सर, मी आज योग्य नाही."

"आज काय आहे माहीत आहे ना?"

"हो सर."

"कारण?"

"झोप नाही. चूक माझी. एक दिवस आधी निघायला हवं होतं."

त्यांनी कागद ओढून घेतला. मग म्हणाले, "घरी जा."

"घर सात तासांवर आहे, सर."

"मग पलंगावर जा!"

माझ्या जागी दाढीवाल्याला उठवून बोलावलं. जिन्यात भेटला. दात घासण्याचा ब्रश तोंडातच होता.

चोवीसला पायलटांच्या प्रमुखांसमोर. संपलं बहुतेक.

२० मार्च

चौदा तास झोपले. दाढीवाला परत आलाय. म्हणाला, "वेडी आहेस. मी अशा शंभर सह्या केल्यात." थोड्या वेळाने पडद्याआडून म्हणाला, "त्यातल्या दोन-तीन आठवल्या की अजून घाम फुटतो." मग साबणाची चौकशी.

घरी फोन. बाबांना सगळं सांगितलं.

"परीक्षकाच्या तोंडावर म्हणालीस? मला आज जमणार नाही म्हणून?"

"हो."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की, बाबा. नोकरी गेली असंच वाटलं."

"तरी म्हणालीस."

"तुम्हीच तर सांगता, गाडी बाजूला घ्यावी."

"हं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

२४ मार्च

नोकरी आहे!!!

प्रमुखांनी वीस मिनिटं झाडलं. दोन विमानं हातात ठेवली म्हणजे मोठा पराक्रम नव्हे, झोपेचा दिवस कोण धरणार? सगळं खरं, मान खाली घालून ऐकलं. यापुढे पूर्ण एक दिवस आधी बेसवर, लेखी. शेवटी म्हणाले, "परीक्षकांनी लिहून दिलंय. चेक पुन्हा घ्या, मीच घेईन."

बर्फाच्या लादीने! स्वतः!

आता मी इथून हलत नाही. सत्तावीसला चेक, तोपर्यंत खाणं, झोपणं, अभ्यास.

२७ मार्च

कागद वाचला. एकदाच. सही केली.

माल — एका दिवसाची कोंबडीची पिल्लं, बारा हजार! इंजिनं बंद होती तेव्हा कॉकपिटपर्यंत चिवचिवाट. लादीसाहेब खडूस तोंड करून म्हणाले, "यांना शांत बसायला सांगा." तो विनोद होता हे कळायला मला अर्धा तास लागला, तोवर आम्ही ढगांच्या वर. वर ऊन, खाली कापूस पसरल्यासारखं पांढरं, आणि माझ्या पाठीशी बारा हजार जीव.

आडवा वारा होता. जरा विमानाचं नाक वळवून धरलं, शेवटच्या क्षणी सरळ केलं, चाकं टेकली. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं, सही केली. "ठीक."

ठीक!! त्यांच्या तोंडून ठीक म्हणजे बँडबाजा!

कायम झाले. घरी फोन केला तर आई आणि धाकटी एकाच वेळी किंचाळल्या. बाबा म्हणाले, "ये. मग बोलू."

३० मार्च

फाटकात ट्रक नव्हता. बाबा घरात, दुपारचे, खुर्चीवर.

"मालकाला सांगून टाकलं," म्हणाले. "वर्ष झालं, नीट दिसत नाही. आधी रात्रीचं गेलं, आता दिवसाचंही. तुला थांबवून घेतलं त्या दिवशी सांगणार होतो. तोंड उघडलं नाही. पोरीला जमलं, मग मला काय झालं?" किल्ल्यांचा खिळा रिकामा होता.

मी ही वही मागे उलटून बघितली. घड्याळ, खांब, पत्ता. सगळं माझ्याच अक्षरात.

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. पाट्या मी वाचणार.