बाहेरची कडी

तळा,
माघ वद्य पंचमी

प्रिय सदा,

आशीर्वाद वरती लिहायचा असतो. तो मी शेवटी लिहीन, द्यावासा वाटला तर. तुझं कार्ड मिळालं. रेवसला पोचलास, अब्दुस्समद शेठच्या वखारीत उतरलास, तिथं दोन गाड्या पाहिल्यास. "आई, तू बारा वर्षं गाडीत संसार केलास, पोरं घेऊन रानात राहायला कुठली गाडी बरी ते कळव आणि तुझी बैलजोडी तयार ठेव" असं विचारलंस. विचारलंस ते बरं केलंस. मी दोनच यत्ता शिकले, अक्षर वाकडं आहे, आणि लांबण लावायचा मला कंटाळा आहे. पण हे पत्र लांबणार. बसून वाच.

पत्र्याच्या छपराची पहिली गाडी सोड. पत्रा फाल्गुनात तव्यासारखा तापतो. शिवाय तिचा तळ उंच आहे म्हणतोस. झोपेत लोळलेलं पोर तिथून पडलं तर थेट चाकाखाली. कोळशाच्या भट्टीवर ठाकराचं एक पोर तसं गेलं, मी त्याचं डोकं ओच्यात घेऊन बसले होते. डोकं कसलं, काय उरलं होतं ते. पत्रा नको.

इथली शिवदास सुताराकडची गाडी, जिला तू कार्डात "कोंबड्यांचं डालगं" म्हटलंस, ती मी काल जाऊन पाहिली. तट्ट्याचं छप्पर, पुढून मागून उघडी, वारा आरपार. तळ बुटका. छपराच्या कामट्या इतक्या पक्क्या की झोळी बांधून पोर निजवता येतं, आणि ते रडलं तर हाकणाऱ्याला ऐकू येतं. खाली पाण्याची घागर टांगायला जागा आहे. शिवदासाला मी म्हटलं, "चाकं बारीक वाटतात रे." तर चिडला. "ठमाबाय, तू बस आत, वर मी बसतो, माझी बायको बसवतो, मग सांग मोडली का." बसले. मोडली नाही. पोरं आणि भांडीकुंडी आसाच्या पुढं ठेवायची, मागं भार गेला की गाडी उलाळते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. हे तुला कुणी शिकवलं नाही. शिकवणारा मेला तेव्हा तुला जेमतेम आठवं लागलं होतं.

आता तुझ्या मनात भरलेली दुसरी. सर्कस मोडली आणि सामान रेवसला पडून राहिलं, त्यातली ती चाकांवरची लाकडी खोली. चार भिंती आहेत, वरून आकाशी रंग आहे, लोखंडी कडीचं दार आहे असं लिहितोस. आणि पुढं लिहितोस, "मनूला आणि पोरांना आत घालून बाहेरून कडी लावली की रानात कुणाची भीती नाही, आणि कुणी कुठं जायचंही नाही." हे शेवटचं मी तीनदा वाचलं.

अब्दुस्समद शेठची सुगराभाभी परवा तळ्याला माहेरी आली. ती मला भेटायला मुद्दाम आली, गप्पा मारायला नाही. म्हणाली, "ठमाबाय, त्या खोलीत सर्कशीचं अस्वल होतं. आतल्या फळ्या नखांनी सोलल्यात. कडी भायरनं हाय, आतनं उघडायला कायबी न्हाय. तुझ्या ल्योकाला मी म्हटलं, अरे बाबा, ही माणसांची न्हाय. तर हसला. म्हणाला, भाभी, माझीबी अस्वलच हाय."

ती सांगत होती आणि मी भाकरी थापत होते. हात तसाच पिठात राहिला. सदा, फळ्यांवरची नखं मी पाहिलेली आहेत. अस्वलाची नव्हेत.

आपल्या जुन्या गाडीला मागं फळ्यांचा खोका होता. तुला आठवत असेल, तू त्यावर कोळशानं बैल काढायचास. तुझ्या बापानं तो स्वतः ठोकला होता. दिवाळीनंतर आपण भट्ट्यांवर जायचो, होळीपर्यंत गाडीतच राहायचो, आणि मी पोती भरताना लहान पोर पायात येऊ नये म्हणून तो खोका. बाहेरून कडी. आधी तू आत असायचास, तू मोठा झालास मग सोनी. तुझी बहीण तापानं गेली असं तुला सांगितलं. गावाला तेच सांगितलं. मीच सांगितलं. ताप नव्हता.

फाल्गुनातलं ऊन होतं. तू भट्टीच्या पलीकडं काटक्या वेचत होतास. सोनी सकाळपासून रडत होती म्हणून त्यानं तिला आत टाकलं आणि कडी घातली. मी म्हटलं, खोका तापलाय, काढा तिला. त्यानं जुवाची शिवळ उपसली, ती लांब खुंटी, आणि माझ्या तोंडावर मारली. माझे पुढचे दोन दात आंब्याच्या कैरीनं पडले असं मी तुला सांगत आले ना, ते तिथं पडले. मी रक्त थुंकत पोती भरत राहिले. का राहिले? मला विचारू नकोस, मी रोज विचारते. आतून ठोकण्याचा आवाज यायचा. मग ओरबाडण्याचा. मग आवाज बंद झाला आणि तो म्हणाला, "बघ, निजली का न्हाय?" ऊन कलल्यावर कडी काढली. बोटांना नखं उरली नव्हती. अडीच वर्षांची होती. फळीवर रेघा होत्या, खालून वर, जिथवर तिचा हात पोचत होता तिथवर.

त्यानं त्याच रात्री रंधा मारून त्या रेघा पुसल्या. मला म्हणाला, तापानं गेली म्हणायचं, नाहीतर तुलाही आत घालतो. मी म्हटलं, ताप. तळ्याच्या बायका रडायला आल्या तेव्हा म्हटलं, ताप. आज सोळा वर्षं तेच म्हणतेय.

पुढच्या वर्षी पुन्हा गाडी जुंपली. तोच खोका. तुला सात संपून आठवं लागलं होतं. खाडीकडं कोळसा नेताना ती खिंडीची चढण लागते, तिथं बैल तीनदा दम खातात. मर्द पुढं हाकतो, बाई उटी घेऊन मागं चालते, हे तू जन्मापासून बघितलंस. बैल थांबले की बाईनं चाकामागं लाकडाची उटी सारायची, म्हणजे भरलेली गाडी मागं येत नाही. उटीला दोरी असते, बैल पुढं निघाले की दोरीनं ओढून घ्यायची आणि पुन्हा चालायचं. सगळा भार त्या एका लाकडावर. गाडीवाल्यांच्या घरात सून आणताना पोरीचे हात बघतात ते त्यासाठी. मी कधी चुकले नव्हते.

तू मात्र आयुष्यभर मला तेच ऐकवलंस. दारू पिऊन आलास की, "आईच्या हातानं बाप गेला, बाईला साधी उटी लावता आली न्हाय." चारचौघांत बोललास. तुझ्या लग्नात बोललास. मी पोळ्या वाढत होते. मान खाली घालून वाढल्या.

त्या दिवशी दुसऱ्या दमाला गाडी थांबली. मी उटी लावली. तुला तहान लागली होती, तू भुणभुण लावली होतीस. त्यानं तुला बैलाच्या चाबकानं दोन लगावल्या आणि ओढ्यावर पाणी आणायला पिटाळलं. मग एक पोतं सुटलं होतं ते बांधायला तो मागं आला, चाकामागं उकिडवा बसला आणि दोरी आवळत म्हणाला, "लई किरकिरतंय बेणं. उद्यापास्नं ह्यालाबी खोक्यात घाल." साधं बोलला, मीठ मागावं तसं. मी म्हटलं, तो मोठा झालाय, मावणार नाही. तर म्हणाला, "मावतंय. पाय दुमडले की मावतंय."

मी बैलांना हाक दिली. ते पाऊलभर पुढं सरले, उटी मोकळी झाली. मी दोरी ओढली.

हाडांचा आवाज मला अजून सुक्या काटक्या मोडताना येतो. बैल मागं फरफटले, ढवळ्याचा पाय मोडला, त्याचं मला वाईट वाटलं. तुझा बाप लगेच मेला नाही. कमरेखाली त्याचं काही राहिलं नव्हतं, पण तोंड शाबूत होतं आणि तो पाणी मागत होता. सोनीनंही मागितलं असेल. तू लोटा घेऊन धावत आलास. मी तुझं तोंड पदरात दाबलं आणि ते पाणी तुला पाजलं. त्याला दिलं नाही. तू विचारलंस, "उटी सुटली का गं?" मी म्हटलं, सुटली. तेवढं एकच खोटं मी तुझ्यासाठी बोलले, बाकीची सगळी त्याच्यासाठी.

तर तू म्हणतोस ते खरंच आहे. बाप माझ्या हातानं गेला. फक्त हात चुकला नव्हता.

गाडी भंगली तेव्हा मी खोका फोडून चुलीत घातला. शिवळ मात्र तू उचललीस. बापाची आठवण म्हणून उशाशी घेऊन निजायचास, आणि मला ती काढून घ्यायचा धीर झाला नाही. पोर आहे, म्हटलं. रडेल. ती माझी पहिली चूक. दुसरी ऐक. दोन वर्षांमागं मनू माझ्या दारात आली होती, डोळा सुजून बंद झालेला, धाकटी दुरपी पोटात. मी तिला काय म्हटलं माहीत आहे? "बाई, गाडीवाल्यांच्या घरात असं असतंच. जा, भाकरी करपायच्या आत जा." हळद लावून परत पाठवली तिला. मी. जिनं दोरी ओढली तिनं. त्या दिवसापासून मला भाकरी गोड लागलेली नाही.

आता बातमी. तू रेवसला निघालास त्याच्या आदल्या दिवशी मनूचं मनगट कसं मोडलं, ते तू कार्डात लिहिलं नाहीस. ती विहिरीवर घसरली, असं तू गावात सांगितलंस. ती माझ्याकडं आली आहे, दोन्ही पोरं घेऊन. मी हात बघितला. विहिरीच्या दगडाचा असा गोल वळ उठत नाही. शिवळेचा उठतो, मला तोंडावर मोजमाप ठाऊक आहे. सुगराभाभीनं कामट्या बांधून हात नीट बसवला. काळू पाच वर्षांचा आहे आणि दार वाजलं की पाय दुमडून कोनाड्यात बसतो. त्याला कुणी शिकवलं? मी विचारलं, असा का बसतोस रे. तर म्हणाला, "आजी, बा म्हणतो, नव्या गाडीत मी मावलो पायजे." तो सराव करत होता, सदा.

म्हणून हे पत्र. गाडी कुठली बरी विचारलंस, तर मी शिवदासाची घेतली. तुझ्यासाठी नाही. बैल माझे आहेत, जुंपून झाले आहेत. झोळी बांधली आहे, त्यात दुरपी निजली आहे. काळू पुढं बसणार आहे, हाकणाऱ्याच्या जागेवर, दोन्ही पाय लांब सोडून. मनूचा हात बरा होईतो ती आत बसेल आणि हाकेल बैलांना नुसत्या आवाजानं, येतं तिला. सुगराभाभी हे पत्र तुझ्या हातात देईल तोवर आम्ही दोन खिंडी पार असू. कुठं ते तिला सांगितलेलं नाही, तिला मारून उपयोग नाही. ती अस्वलाची खोली तू खुशाल घे, त्यात तू एकटा राहा, आणि एकदा कुणाला तरी बाहेरून कडी लावायला सांग. शिवळ खाडीत टाकलीस आणि रिकाम्या हातानं आलास, तर मी तुला वाढीन, पोटचा आहेस. तशीच घेऊन मागावर आलास, तर चढणीच्या आधी एवढं आठव की गाडीच्या मागं मी चालतेय, दोरी माझ्या हातात आहे, आणि उटी कशी सुटते हे आता तुलाही ठाऊक झालं आहे. आशीर्वाद लिहायचा राहिला. राहू दे.

तुझीच आई,
ठमा