बाथरूमचं काम होईपर्यंत

३ मार्च, दुपार
आलो. मुक्काम पंधरा दिवस. घरी बाथरूमचं काम काढलंय, धूळ माझ्या छातीला सोसायची नाही असं चिरंजीवांचं म्हणणं. छातीला काहीही झालेलं नाही, पण मुलाचं मन कशाला मोडा. बॅग उघडली नाही. एवढ्याशा दिवसांसाठी वृद्धाश्रमाचं कपाट अडवणं बरं दिसत नाही. खिडकीतून पार्किंग दिसतं, म्हणजे चिरंजीवांची गाडी आली की आधी मलाच कळेल.

४ मार्च
नाश्त्यानंतर हॉलमध्ये ‘कार्यक्रम’ असतो. कार्यक्रम म्हणजे काय, तर चांगली पिकलेली माणसं खुर्च्यांवर गोल बसून एक पिवळा फुगा एकमेकांकडे टोलवतात. कार्यक्रमवाल्या मॅडमनी मलाही खुर्ची दिली. मी नम्रपणे सांगितलं की मी इथला नव्हे, पाहुणा आहे. तेवढ्यात फुगा माझ्याकडे आला. हात मांडीवरच ठेवले. फुगा नाकाला लागून खाली पडला. शेजारी हेडबाई होत्या, एका शाळेच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका. त्यांनी मला शून्य मार्क दिले.

६ मार्च
हेडबाईसुद्धा म्हणे तात्पुरत्याच आल्यात. मुलाकडे छताची गळती काढतायत. कधीपासून विचारलं, तर म्हणाल्या, सहा वर्षं होतील. बिचारी. कुणीतरी एकदा समजावून सांगायला हवं. मी सांगणार नाही, आपण चार दिवसांचे पाहुणे.

७ मार्च
मॅडम खोलीवर आल्या. बस डेपोत तीस वर्षं वेळापत्रक मी बघायचो, हे त्यांच्या कानावर गेलेलं. म्हणाल्या, इथे कार्यक्रमांचा नुसता विचका झालाय, तुमच्यासारखा माणूस असता तर... आणि गप्प झाल्या. घोडं अडलं होतं हे उघड आहे. आहे तोवर बघतो म्हटलं. एक पितळी घंटा आणि ‘कार्यक्रम प्रमुख’ असा बिल्ला मिळाला. बिल्ला शर्टाला शोभतो.

९ मार्च
संकल्प : यापुढे प्रत्येक कार्यक्रम वेळेवर सुटणार. दहाच्या ठोक्याला घंटा दिली. दोघे आले. त्यातला एक, आग लागलीय का विचारायला आला होता. सुरुवात उत्तम.
नवं वेळापत्रक लावलं. सोमवार बागकाम, मंगळवार चित्रकला, बुधवार गाणी, गुरुवार व्याख्यान. फुगा रद्द.

१२ मार्च
व्याख्यान झालं. वक्ता मी. विषय : वेळेचं महत्त्व. श्रोते सहा. सहाही जण डोळे मिटून एकाग्रतेने ऐकत होते. मॅडमनी शेवटी पाच मिनिटं फुगा घेऊया का विचारलं, आणि डोळे उघडले सगळ्यांचे. मी घंटा घेऊन बाजूला उभा राहिलो. प्रमुखाने खेळायचं नसतं.

१८ मार्च
दाढी करून, बॅग दाराशी ठेवून बसलो. दुपारी चिरंजीवांचा फोन. टाइल्स चुकीच्या रंगाच्या आल्यात. परत पाठवायलाच हव्यात, मीही तेच केलं असतं. अजून पंधरा दिवस. बॅगेतून फक्त दाढीचं सामान आणि स्वेटर काढला. याला बॅग उघडणं म्हणत नाहीत.

५ एप्रिल
चिरंजीव आले. सोबत माझी उशी आणि घरचं भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाचं कारण कळलं नाही. टाइल्स आल्यात, पण प्लंबर गावाला गेलाय, महिनाअखेर येईल. बोलताना सारखं फोनमध्ये बघत होता. थकतो बिचारा. त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं, इथला सगळा गाडा मीच हाकतोय, माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही. खरंच बरं वाटलं त्याला. म्हणाला, मग तर काहीच घाई नको, बाबा.
घड्याळ तात्पुरतं लावलं.

२० एप्रिल
चित्रकलेला शून्य उपस्थिती. बागकामाला एक, तो मीच. महिनाअखेर जाणार, वारस शोधा, असं मॅडमना बजावलं. त्या म्हणाल्या, तुम्ही गेल्यावर आमचं कसं होणार. छान वाटलं. हल्ली काही वाटणं जरा कमी झालंय, म्हणून नोंद करून ठेवतो.

२ मे
महिनाअखेर प्लंबर आला नाही. आजारी असेल.
नवीन माणूस आलाय, बँकेतून रिटायर झालेला. नाश्त्याला टाय लावून आला. मुलाकडे रंगकाम काढलंय, वास सोसत नाही, म्हणून आठवडाभर इथे. बॅग उघडणार नाही म्हणाला. मॅडमनी त्याच्यासाठी फुगा काढला. त्याच्याकडे आला तेव्हा त्याने हात मांडीवर ठेवले. बिचारा.

५ मे
घंटा घेऊन बँकवाल्याला बोलवायला गेलो. दार अर्धं उघडं होतं. आत मॅडम. कार्यक्रमांचा नुसता विचका झालाय, तुमच्यासारखा माणूस असता तर... सांगत होत्या. मग तिथेच गप्प झाल्या. तो म्हणाला, आहे तोवर बघतो.
मी घंटा न वाजवता परत आलो.
दुपारी मॅडम माझ्याकडे आल्या. नवे काका खोलीबाहेर पडत नाहीत, जेवत नाहीत, थोडे दिवस घंटा त्यांना देऊया का? तुम्ही आता रुळलात, काका. आवाज मायेचा होता. दिली. बिल्लाही दिला. शर्टाला दोन भोकं राहिली. काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, एवढंच वाटलं.

६ मे
बॅग रिकामी केली. सगळं कपाटात मावलं. दोन हँगर उरले.

७ मे
घंटा झाली. दोन मिनिटं उशिरा. जाऊन हेडबाईंच्या शेजारी बसलो. गळतीचं कुठवर आलं विचारलं. म्हणाल्या, गवंडी गावाला गेलाय. मग त्यांनी माझ्या बाथरूमचं विचारलं. म्हटलं, प्लंबर आला की होईलच.
त्यांनी मान डोलावली. मी पण.
फुगा आला. मारला. हेडबाईंनी दहापैकी चार दिले.