कोण म्हणालं, कोणाला म्हणालं

१० मार्च, सोमवार

चोर. चोर. चोर.

सकाळी प्रियदर्शनीनं फोटो पाठवला. ती माझ्यासोबत शाळेत गणित शिकवायची, आता अकोल्याला राहते. फोटोत गजेंद्रचं पुस्तक. आमचा मुख्याध्यापक. सतरा वर्षं मला छळलं आणि मग रिटायर झाला. पुस्तकाचं नाव 'गजेंद्रवाणी'. स्वतःच्याच नावाची वाणी! मागच्या कव्हरवर त्याचा शाल पांघरलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात —

'आपला रांजण भरला म्हणून दुसऱ्याची तहान लहान होत नाही.'

त्याखाली त्याची सही.

हे वाक्य माझं आहे. शाळेच्या दारातल्या फळ्यावर मी लिहिलं होतं, माझ्या हातानं, टँकरच्या वर्षी. चहा ओट्यावर तसाच राहिला. सोडणार नाही मी याला.

११ मार्च

वह्या काढल्या. सगळ्या सात.

तीस वर्षं फळ्यावरचा सुविचार माझ्याकडं होता. मी रजेवर असले की बाकीचे लोक कॅलेंडरवरचं काहीतरी उतरवायचे आणि खाली आठवेल त्या थोर माणसाचं नाव ठोकून द्यायचे. माझ्या वहीत तसं चालत नसे. प्रत्येक वाक्याला चार रकाने — कोण म्हणालं, कुठं, कधी, कोणाला. खात्री झाली की पेनानं लिहायचं, तोवर पेन्सिल. पोरांनाही तेच घोकवलं. वाक्य आभाळातून पडत नसते बाबांनो, कोणीतरी कोणालातरी म्हटलेलं असते. कोणाला म्हटलं ते कळलं नाही तर निम्मंच कळलं.

वाक्य चौथ्या वहीत सापडलं. नंबर १४०९, एप्रिल २००४. 'कोण' या रकान्यात — अज्ञात. कुठं — शाळा. कोणाला — नुसती रेघ. सगळं पेन्सिलीत.

आता हे 'अज्ञात' मी काहून लिहिलं? लाज वाटली असेल स्वतःचं नाव टाकायची. तेव्हा भल्ली साधी होते मी. पण मला आठवते ना. शाळेच्याच गावात भाड्याच्या घरात राहत होते, ओसरीवर रांजण, काठोकाठ भरलेला. त्याच्याकडं पाहिलं आणि वाक्य आलं.

१४ मार्च

पुस्तक आलं. प्रस्तावनेत लिहितो — 'भीषण टंचाईत एका रिकाम्या रांजणाकडे पाहताना ही ओळ माझ्या अंतःकरणातून स्फुरली.'

रिकामा? अरे बैताडा, रांजण भरलेला होता! रिकामा असता तर वाक्याला अर्थ काय राहिला? चोरी केली तीही धड वाचून केली नाही.

१५ मार्च

वह्या त्याच्याकडं कशा गेल्या तेही लिहून ठेवते, म्हणजे डोकं शांत होईल. २००९ साली शाळेची स्मरणिका काढायची होती. 'दोन दिवसांत देतो, मॅडम.' दोन महिन्यांनी दिल्या, दोन पानांवर चहाचे डाग पाडून. झेरॉक्स काढली असणार तेव्हाच. आणि माझ्या निरोपाच्या दिवशी माइकवर काय म्हणाला — 'आमच्या फळ्याच्या मॅडम. अक्षर फार सुंदर.' अक्षर! तीस वर्षांचं काम आणि याला अक्षर दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले.

१९ मार्च

पुस्तक वह्यांशी ताडून पाहून राहिले. पान ७ — बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर, २००१. पान १२ — माझ्या वडलांचं, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्याला म्हटलेलं. पान ३१ — राजकमल चौकातल्या सलूनच्या आरशावर चिकटवलेलं. मी त्या न्हाव्याला जाऊन विचारलं होतं, त्याच्या आजोबाचं निघालं. आजोबा ते उधारीवाल्यांना म्हणायचा. गजेंद्रवाणीत ते 'जीवनातील ऋणानुबंध' या प्रकरणात आहे.

२१ मार्च

आज अडतीस सुविचार झाले. सगळे माझ्या वहीतले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

२४ मार्च

प्रियदर्शनीचा फोन. तेरा एप्रिलला अकोल्यात गजेंद्रचा सत्कार. पुस्तकाला कुठल्याशा मंडळाचा पुरस्कार, शेवटी श्रोत्यांचे प्रश्न. ठरलं. उभी राहीन आणि पहिलाच प्रश्न विचारीन — सर, हे वाक्य कोण म्हणालं, कुठं, कधी, कोणाला? शंभर माणसांसमोर. त्याचं तोंड पाहायचं आहे मला. बाकी काही नको. माफी नको, पुस्तकात नाव नको. तोंड.

प्रियदर्शनी म्हणाली, "मॅडम, पण तुमच्याच वहीत अज्ञात लिहिलं हाय. तो म्हणंल, मीच सांगितलं होतं यायले. मंग?"

गणिताची बाई. दुखऱ्या जागी बरोबर बोट ठेवते.

२५ मार्च

साक्षीदार पाहिजे. फळा मी लिहायची तेव्हा सकाळी सातला शाळेत दुसरं कोण असायचं?

हलीमाबी!

शाळेत पाणी भरायची ती, झाडायची, आणि रोज सकाळी ओल्या फडक्यानं आदल्या दिवशीचा सुविचार पुसून फळा कोरा करून ठेवायची. मी खडू घेऊन उभी आणि ती फडकं पिळत बाजूला. तिच्याइतकं कोणीच पाहिलं नाही. मुलीकडं असते म्हणे वलगावला. हे तर इथं अमरावतीच्या दाराशीच. रोजे चालू आहेत, ईद झाली की जाते.

५ एप्रिल, शनिवार

आज वलगावला जाऊन आले.

ऑटोतून उतरले तेव्हा ऊन डोक्यात शिरलं होतं. तिच्या मुलीचं, अमरीनचं, शिलाईचं दुकान लगेच सापडलं. आमच्या शाळेत पाचवीत होती ती त्या वर्षी, आता तिशी ओलांडलेली, गळ्यात टेप. "मॅडम? आप?" म्हणून उठली आणि आत घेऊन गेली. हलीमाबी बाजेवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हाडं निघालेली, पण आवाज तोच.

"दुर्गा मॅडम, इतक्या उन्हाच्या तुमी कावून आल्या? अमरीन, पयले पानी दे त्यायले."

पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवायच्या आत तिनं दुसरा भरायला लावला. तोही प्यायले.

मग मी पुस्तक काढलं आणि मागचं कव्हर वाचून दाखवलं. म्हटलं, हलीमाबी, हे वाक्य फळ्यावर मी लिहिलं होतं, आठवते का?

ती हसायला लागली. तिला खोकला येईपर्यंत हसली.

"याद नाई म्हंजे? मीच म्हणलं होतं ते."

मला वाटलं म्हातारीला कळलं नाही. पुन्हा वाचलं. तेव्हा अमरीन मशीन थांबवून म्हणाली, "मॅडम, अम्मीचंच हाय ते. मी सोबत होती ना. दुसऱ्या दिवशी शाळेत आली तं फळ्यावर. मी पळत जाऊन अम्मीले सांगितलं, तुमी काल बोलल्या ते मॅडमनं लिहिलं. खाली अज्ञात होतं. मी विचारलं, अम्मी, हे अज्ञात कोन?"

"मी म्हणलं, असंल कोनी मोठा मानूस," हलीमाबी म्हणाली. "मले कुठं वाचता येते. पन तिनं बोट ठेवून दाखवलं कोनतं अक्षर कुठं हाय. दिवसभर पाहून राह्यली मी येता-जाता. मंग दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं घेतलं आन पुसलं. रोजचं कामच होतं ते."

रागाचा एक शब्द नाही. मला राग हवा होता. राग असता तर भांडता आलं असतं.

मी विचारलं — सवयच, दुसरं काय — कुठं म्हटलं होतं? कधी? कोणाला?

अमरीननं आईकडं पाहिलं. हलीमाबीनं माझ्याकडं पाहिलं.

"तुमाले खरंच याद नाई, मॅडम?"

आणि मग तिनं सांगितलं.

ते आज लिहीत नाही.

६ एप्रिल

नाही.

७ एप्रिल

म्हातारीचा गोंधळ झाला असेल. एकवीस वर्षं झाली. वयानं माणूस काहीही जोडतं.

पण अमरीन म्हातारी नाही. आणि तिनं सांगितलं मी त्या दिवशी कोणती साडी नेसली होती. हिरवी, पिवळ्या काठाची. होती माझ्याकडं ती.

९ एप्रिल

अकोल्याला जात नाही. मरू दे.

१० एप्रिल

प्रियदर्शनीनं निमंत्रणपत्रिका पाठवली. वर तेच वाक्य, सोनेरी शाईत. गजेंद्रची सही.

पाहिलं आणि अंगाची आग झाली. माझं नसलं म्हणून काय त्याचं झालं? तिनं पाणी वाहावं, फळा पुसावा, आणि यानं सोनेरी शाईत शाल पांघरावी? जाते. तोंड पाहायचं म्हणजे पाहायचं.

पण प्रश्न विचारला की तोही उलट विचारणार. चार रकाने त्यालाही पाठ आहेत, सतरा वर्षं ऐकलेत त्यानं. तीन रकाने सांगेन. चौथा विचारला तर?

१३ एप्रिल, रविवार

परतीच्या एसटीत लिहून राहिले. मूर्तिजापूर गेलं. अक्षर हलते.

हॉल भरलेला होता, कूलर लावलेले, तरी घाम. प्रियदर्शनीनं माझ्यासाठी दुसऱ्या रांगेत जागा धरून ठेवली होती. गजेंद्रचं पोट वाढलं आहे, आवाजात तूप. रिकाम्या रांजणाची गोष्ट डोळे मिटून सांगितली त्यानं. एका बाईनं पदरानं डोळे पुसले.

प्रश्नांची वेळ आली आणि मी उभी राहिले. त्यानं ओळखलं. क्षणभर चेहरा उतरला. तो क्षण मी पाहिला, त्यासाठीच आले होते. पण लगेच सावरला लेकाचा.

"मंडळी, या आमच्या दुर्गा मॅडम. शाळेचा फळा यांच्याच हातचा. बोला ना, मॅडम."

मी विचारलं. कोण म्हणालं, कुठं, कधी. तीनच विचारले.

तो हसला. "मॅडम, आपल्यात लपवायचं काय? हे वाक्य तुमचं आहे का? असेल तर सांगा, मी आत्ता या शालीसकट तुम्हाला देतो."

आणि शाल काढायला हात नेला त्यानं. लोक टाळ्या वाजवायला लागले. प्रियदर्शनी खालून माझा पदर ओढून राहिली होती — हो म्हणा, हो म्हणा. महिनाभर ज्याच्यासाठी जळत होते ते समोर आणून ठेवलं होतं. एक 'हो'. त्याची शाल माझ्या खांद्यावर, आणि तो उघडा.

"नाही," मी म्हटलं. "माझं नाही. तुमचंही नाही. हलीमाबीचं आहे."

"कोण हलीमाबी?" मागून कोणीतरी.

"आमच्या शाळेत पाणी भरायची."

गजेंद्रचा हात शालीवरच होता, काढावी की राहू द्यावी कळेना त्याला. ते तोंड मी पाहिलं, पोटभर पाहिलं. इतकं गोड लागलं की अजून जिभेवर आहे.

पण तो मुख्याध्यापक आहे. माइक तोंडाशी घेतला आणि हळूच म्हणाला, "वा! थोर बाई. पण मॅडम, तुम्हीच पोरांना शिकवायच्या, चौथा रकाना राहिला. ती हे कोणाला म्हणाली होती?"

त्याला माहीत नव्हतं. शंभर टक्के माहीत नव्हतं. उगाच वेळ मारून नेण्यासाठी फेकलं त्यानं.

सगळे माझ्याकडं वळले. उत्तर तोंडात होतं. मी खाली बसले.

"आठवत नसेल," तो म्हणाला. "चालायचंच." लोक हसले. मग त्यानं शाल नीट केली, आणि पुढचा प्रश्न.

१५ एप्रिल

चौथी वही. नंबर १४०९. पेन्सिलीचं खोडलं. पेनानं —

आपला रांजण भरला म्हणून दुसऱ्याची तहान लहान होत नाही.

कोण — हलीमाबी.

कुठं — माझ्या ओसरीवर.

कधी — एप्रिल २००४. माझा रांजण तिनंच टँकरवरून आणून भरून दिला होता. पोरगी सोबत होती. घरी न्यायला त्यातलाच एक हंडा मागितला. मी रांजणावर झाकण ठेवलं.

कोणाला — मला.