माइकचं फडकं

कबनूर, मे १९९८. बुधवार, संध्याकाळ.

सांगून टाकलं एकदाचं. बुद्धपौर्णिमेचा गाण्याचा कार्यक्रम रद्द. कमिटीचे दादा दारातूनच विचारत होते, आत यायला भ्याले. निम्मी गल्ली फ्लूनं आडवी. मलकापूरच्या गायन पार्टीनंही येत नसल्याचा फोन केला. "वहिनी, तुमच्या सासूबाई गाणार असल्या तर मांडव घालतो की," म्हणाले. मीच म्हटलं, नका घालू. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, न विचारता.

बरोबर केलं ना? आम्ही सहा बायका एकाच माइकपुढं गालाला गाल लावून गातो. एक खोकली की सहाजणी अंथरुणात. आणि आत्यांना तर आता बसल्या जागी धाप लागते. शेजारचे यंत्रमाग बंद आहेत, त्यामुळं त्यांचा घरघरता श्वास इथं चुलीपर्यंत ऐकू येतोय.

पण ते फडकं! माइकला बांधायचं पांढरं फडकं दरवर्षी आत्याच धुतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आज अंगात ताप असताना, मी दुकानाला गेले तेवढ्यात उठून धुतलंच. वर मलाच दटावलं, "मी न्हाय उठले तरी गाणं थांबवायचं न्हाय. कळलं न्हवं?"

आत्ता आत्यांना जाग आली, तर पहिलं तेच. "वाळलं काय गं फडकं?"

"न्हाय अजून, आत्या."

वैशाखातलं ऊन. दुपारीच कडकडीत वाळलंय. पण दोरीवरनं काढून हातात दिलं, तर पुढचं सांगावं लागेल.